काटा हलत नाहीये? मग हे मोजा, माझ्या वहीतली पद्धत

माझ्या नणंदेचं वजन शनिवारी सकाळी ६८.२ किलो, सोमवारी सकाळी ६९.६. मधल्या रविवारी घरात बारसं होतं, मसालेभात, पापड, लोणचं, जिलबी, झोपायला रात्रीचा एक वाजला, एवढंच घडलेलं. पण तिने सोमवारी काट्यावरून उतरल्या उतरल्या मला फोन लावला, आवाज एकदम रडवेला, "वहिनी, व्यायामाला दहा आठवडे झाले गं, एक दिवस चुकवला नाही मी, आणि वजन आहे तिथेच. बंद करते मी आता हे सगळं." ती नेरुळला राहते, मी ठाण्यात नौपाड्यात. म्हटलं, काही बंद करू नकोस, शनिवारी ये इकडे आणि येताना दिवाळीत घातलेला तो राणी कलरचा ब्लाउज घेऊन ये.

ब्लाउज घातला तर दंडात घट्ट आणि कमरेत सैल, पाठीमागे चिमटीत कापड धरता येईल इतका सैल. दिवाळीत हाच ब्लाउज खाली आवळतो म्हणून शिंप्याकडे जायची वेळ आलेली, आणि वजन तेव्हाही जवळपास एवढंच होतं. ती आरशासमोर दोन मिनिटं काही बोललीच नाही.

हे सगळं लिहायला बसले कारण माझ्या ओळखीत पाच-सहा जणांनी अगदी चांगला चाललेला व्यायाम फक्त काट्यामुळे सोडलाय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, शरीर बदलत होतं हो त्यांचं, फक्त बघत होते भलतीकडे. मी डॉक्टर नाही, ट्रेनर पण नाही, गेली तीन वर्षं एक दोनशे पानी वही ठेवतेय आणि त्यात काय लिहायचं, काय नाही हे हळूहळू समजत गेलं, तेच सांगते.

काटा नक्की काय सांगतो

हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं रात्रीचं जेवण, सगळ्याची एक बेरीज. त्यातलं काय वाढलं, काय घटलं हे त्याला सांगताच येत नाही. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधी ठेवतं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, आपले स्नायू साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. नवीन नवीन व्यायाम सुरू केला की स्नायू हा साठा वाढवायला लागतात, म्हणजे तुम्ही सगळं बरोबर करताय म्हणूनच सुरुवातीला वजन थोडं वर जाऊ शकतं! एका दिवसात किलो-दीड किलो इकडे तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे. याउलट किलोभर चरबी चढायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, एका बारशाच्या पंगतीत तेवढं खाणं कोणाला जमेल?

शिवाय स्नायू चरबीपेक्षा घट्ट असतो, तेवढ्याच वजनात कमी जागा घेतो. म्हणून दोन किलो चरबी गेली आणि दोन किलो स्नायू आला तर काटा ढिम्म आणि पँट मात्र सैल.

आपल्या लोकांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयमध्ये वजन आणि उंची सोडून काहीच नसतं, त्यामुळे त्या हिशोबात दोघं अगदी सारखे, आणि आतून बघितलं तर दुपटीपेक्षा जास्त फरक. बारीक दिसणारा पण आत चरबी असणारा भारतीय माणूस, ही गोष्ट याज्ञिकांनी इतकी वर्षं लावून धरली आहे. तेव्हा "मी तर बारीक आहे, मला काय गरज" असं म्हणणाऱ्यांनी पण पुढचं वाचा.

टेप, आणि तो नीट कसा लावायचा

शिंप्याकडे असतो तो कापडी टेप, कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात मिळतो. घरातला फार जुना असेल तर तो ताणून लांब झालेला असतो, नवा घ्या. कंबर म्हणजे सलवारीची नाडी बांधतो ती जागा नाही, पँटचा साइज तर अजिबात नाही. बाजूने हात फिरवून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेचं हाड शोधा, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप. सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, कपड्यावरून नाही तर त्वचेवर, पोट आत न ओढता, साधा श्वास सोडून झाला की आकडा बघायचा. टेप त्वचेत रुतायला नको आणि पाठीमागे खाली घसरायला पण नको, म्हणून आरशासमोर बाजूने उभं राहून एकदा बघून घ्या. दोनदा मोजा, दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

भारतीयांसाठी डॉक्टर साधारण जी मर्यादा धरतात ती बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९०. अजून सोपं लक्षात ठेवायचं तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. माझी उंची १५८, म्हणजे ७९ च्या आत. मी अजून ८२ वर आहे, तीन वर्षांपूर्वी ९१ वर होते. आणि याच तीन वर्षांत वजन कमी झालं फक्त ४ किलो, नुसता काटा बघत बसले असते तर मी पण केव्हाच थांबले असते.

कमरेसोबत दंड आणि मांडी पण लिहा. दंड खांदा ते कोपर याच्या मध्यावर, हात सैल सोडून. नेहमी एकाच बाजूचा. छाती, पोटरी, मान असं दहा ठिकाणी मोजायच्या भानगडीत पडू नका, दोन महिन्यात कंटाळा येतो आणि वही कपाटात जाते.

नाडीचे ठोके

यातलं मला स्वतःला सगळ्यात आवडणारं मोजमाप हेच, कारण याला काहीच लागत नाही. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, पडल्या पडल्या, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही ठेवायचा कारण अंगठ्यात स्वतःचाच ठोका लागतो, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे साधारण ६० ते १०० मध्ये असतात. नियमित चालणं, धावणं, सायकल सुरू केली की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, मग आरामात असताना त्याला तितक्या वेळा धडधडावं लागत नाही, आकडा हळूहळू उतरतो. माझे ८४ होते, आता ६९-७० असतात.

एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. रात्री झोप नीट नाही झाली, ताप येणार असेल, टेन्शन असेल तर लगेच वाढतात. सलग पाच-सहा दिवस मोजून सरासरी लिहा. आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी ठेवले जातात, तशी गोळी चालू असेल तर हा आकडा व्यायामाचा म्हणून धरू नका, डॉक्टरांना विचारा.

याचाच पुढचा भाग म्हणजे दम लागल्यावर ठोके किती लवकर उतरतात. जिने चढून किंवा जोरात चालून थांबलात की लगेच १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, मग उभ्यानेच बरोबर एक मिनिट थांबून परत मोजा. दोन्हीतला फरक लिहून ठेवा. तब्येत सुधारत जाते तसा हा फरक मोठा होतो. शेजारणीचा किती आला ते बघू नका, स्वतःचाच मागच्या महिन्याचा बघा.

जिने आणि फेऱ्या

नणंदेची बिल्डिंग सिडकोची जुनी, चार मजले, लिफ्ट नाही, ती चौथ्यावर. तिला म्हटलं, अगं तुला रोज फुकट टेस्ट मिळतेय. स्पेनच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये एक अभ्यास मांडला होता, त्यात चार मजले म्हणजे ६० पायऱ्या न थांबता, न धावता एका मिनिटात चढता आल्या तर हृदयाची क्षमता चांगली असं दिसलं, आणि दीड मिनिटाच्या वर लागत असेल तर दाखवून घेतलेलं बरं. पिशव्या खाली ठेवून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून चढायचं. पहिल्या वेळी तिला १ मिनिट २२ सेकंद लागले आणि तिसऱ्या मजल्यावर कठडा धरावा लागला. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हृदयाचं काही आधीपासून असेल तर ही टेस्ट स्वतःहून करूच नका, आधी डॉक्टर.

ठाणे स्टेशनचा पूल पण मला मापासारखाच वाटतो. पूर्वी मी गर्दीत मध्येच कडेला थांबायचे, मोबाइल बघतेय असं दाखवत, खरं तर श्वास घेत असायचे. ज्या दिवशी वर पोचून मैत्रिणीशी बोलणं सुरूच राहिलं त्या दिवसाची तारीख माझ्या वहीत आहे.

चालण्यासाठी एक ठरलेला रस्ता पकडा. माझा कचराळी तलाव, सकाळी सव्वासहा, पाच फेऱ्या. नणंदेचा ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक. तुम्ही उपवनला जात असाल, तलावपाळीला, खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये, कुठेही चालेल पण जागा तीच, दिशा तीच, वेळ तीच. दोन गोष्टी लिहायच्या, किती वेळ लागला आणि संपल्या संपल्या ठोके किती. वेळ तोच आणि ठोके कमी, ही प्रगती. ठोके तेवढेच आणि वेळ कमी, ही पण प्रगती. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तर जोर साधारण बरोबर आहे.

आणि प्लीज मे महिन्याची जानेवारीशी तुलना करू नका. आपल्याकडच्या दमट उकाड्यात अंग थंड ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं, तेवढ्याच वेगाला ठोके वाढतात, घाम निथळतो, वेळ पण जास्त लागतो. माझ्या वहीत दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आकडे बिघडतात आणि पाऊस सुरू झाला की सुधारतात, पहिल्या वर्षी मी उगाच घाबरले होते. मे ची तुलना मागच्या मे शी.

धावणाऱ्यांसाठी बारा मिनिटांची कूपर टेस्ट आहे, केनेथ कूपर नावाच्या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये काढलेली. १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर जाता ते मीटरमध्ये घ्या, त्यातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा, व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज मिळतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या झाल्या तर २४००, म्हणजे साधारण ४२. ही पूर्ण जीव तोडून करायची टेस्ट आहे, व्यायाम नुकताच सुरू केलेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, सहा महिन्यांनी बघा.

ताकद, आणि सासूबाईंची खुर्ची

जिममध्ये जात असाल तर ताकदीचं काम सोपं, किती किलो, किती वेळा, लिहून ठेवायचं. पहिले काही आठवडे ताकद झपाट्याने वाढते तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो, आधी नसा तो वापरायला शिकतात, आकार नंतर येतो. म्हणून महिन्याभरात आरशात काही दिसलं नाही तरी वहीत दिसतं.

घरी करत असाल तर जोर, म्हणजे पुश-अप्स. आधी भिंतीला हात टेकून, ते सहज वीस व्हायला लागले की ओट्याला, मग गुडघे टेकून जमिनीवर, मग पूर्ण. किंवा सूर्यनमस्कार, एकाच संथ गतीने, दम न तुटता सलग किती होतात. मी तीनवर सुरू केलेलं. आणि बाजारची पिशवी! जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन घरापर्यंत चालत येताना हात किती वेळा बदलला, पिशवी किती वेळा खाली ठेवली. पकडीची ताकद म्हणजे काय ते यातनं जितकं कळतं तितकं मला दुसऱ्या कशातनं कळलं नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते सासूबाईंबद्दल. त्या ६७ वर्षांच्या. मागच्या वर्षी टायफॉइडनंतर वजन पाच किलो उतरलं आणि घरी येणारा प्रत्येक जण "काकू, बारीक झालात, छान दिसताय" म्हणायचा, त्यांना पण बरं वाटायचं. मी बघत होते की त्या सोफ्यावरून उठताना हाताने रेटा देताहेत, कौपीनेश्वराच्या देवळात खाली बसणं त्यांनी बंद केलंय, कारण उठता येत नव्हतं. गेलेलं वजन चरबीचं नव्हतं हो, मांडीतला स्नायू गेला होता. या वयात काटा खाली जातोय म्हणून खूश होणं चुकीचं ठरू शकतं.

तेव्हा खुर्चीची टेस्ट केली. हात नसलेली भक्कम खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली म्हणजे सरकणार नाही, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. बाजूला कोणीतरी उभं पाहिजेच. ६५ ते ६९ वयात बायकांचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषांचे १२ पेक्षा कमी आले तर पाय कमजोर, पडायचा धोका जास्त असं धरतात. सासूबाईंचे आले ७. डॉक्टरांशी बोलून मग रोज सकाळी खुर्चीवर उठबस, आधी पाच पाच, आणि जेवणात डाळ, दही, अंडं वाढवलं, अंड्याला त्या तयार नव्हत्या पण डॉक्टरांनी सांगितल्यावर घेतलं. चार महिन्यांनी १२ झाले. वजन तीन किलो वाढलं. श्रावणी सोमवारी देवळात त्या माझ्या शेजारी फरशीवर बसल्या, आरतीला हात न टेकता उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही वहीत."

तोलाचं पण तसंच. एका पायावर १० सेकंद, दुसरा पाय त्याच पोटरीमागे हलका टेकवून, हात बाजूला, नजर समोर. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या सतराशे जणांवर हा प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला, ज्यांना दहा सेकंद जमले नाहीत त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. घाबरवायला नाही सांगत, सरावाने तोल सुधारतो म्हणून सांगतेय. ओट्याजवळ उभं राहून करा, चहा उकळेपर्यंत दोन्ही पायांचं होतं.

बाकीचं थोडक्यात

चरबीची टक्केवारी दाखवणारे स्मार्ट काटे पायातून बारीक विजेचा प्रवाह सोडून अंदाज करतात. शरीरात पाणी किती आहे यावर आकडा हलतो, त्यामुळे तो एकटा आकडा खरा मानू नका, त्याच काट्यावर, त्याच वेळी, तीन-चार महिन्यांत कल कुठे आहे तेवढंच बघा. फोटो काढणार असाल तर तोच कपडा, तीच खिडकी, समोरून आणि बाजूने, महिन्यातून एकदा. रोज आरशात बघून काही कळत नाही, आपली मुलं पण रोज वाढताना दिसत नाहीत.

साखर असेल तर एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, ती दर महिन्याला करून उपयोग नाही. बीपी घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलू नका. गोळ्या कमी करायचं मात्र स्वतःच्या मनाने नाही. झोप कशी लागली, दुपारी चारला डोळे मिटतात का, हे पण दोन शब्दांत लिहून ठेवा.

वजन पण लिहा, मी काट्याला शत्रू मानत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी करून सरासरी घ्या. आणि काहीच न करता वजन सारखं उतरत असेल तर ते लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

सगळं एकाच दिवशी नका मोजू. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप आणि फोटो, त्याच आठवड्यात एक दिवस जिने, एक दिवस फेऱ्या, एक दिवस ताकद असं करते. पहिल्यांदाच सुरू करताय तर फक्त तीन घ्या, कंबर, सकाळचे ठोके आणि जिने किंवा खुर्ची, यातलं तुमच्या वयाला जे बरं ते. आजारी पडलात, पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया-डेंग्यू सुरूच असतं, तर बरं झाल्यावर जुन्या आकड्याशी भांडू नका, नवीन पान घ्या, वर आजाराचं नाव आणि तारीख लिहा आणि तिथून पुढे मोजा. मी सासूबाईंच्या वहीत टायफॉइडनंतर असंच केलं.

नणंदेचे पुढचे आठ आठवडे असे गेले. वजन ६८.८ वरून ६७.९. कंबर ८८ वरून ८४. सकाळचे ठोके ८१ वरून ७४. जिने १ मिनिट २२ वरून ५८ सेकंद, कठडा न धरता. परवा तिने ब्लाउजचा फोटो पाठवला, दंडाची शिवण उसवून घेतली होती.